सोमवारचा आकडा

(इचलकरंजीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागच्या पडद्यावर संयोजकांनी जे चित्र लावलंय, ते आधी नीट बघून घ्या. सोन्याचं झुंबर. क्वांटम कॉम्प्युटरची बातमी आली की सोबत हेच येतं. माझ्या आईनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं, "हे रोज पुसायला कोण असतं गं तुमच्यात?"

तर हा कॉम्प्युटर नव्हे, हा फ्रीज आहे. आपल्या घरच्या फ्रीजचं मागचं अंग, त्या नळ्या आणि ती जाळी, मुलामा देऊन छताला टांगलं तर जसं दिसेल तसा प्रकार. मुलामाही मिरवायला दिलेला नाही. तांब्यावर हवेनं थर चढतो, मग दोन तुकडे कितीही आवळले तरी उष्णता एकातून दुसऱ्यात नीट जात नाही, म्हणून सोनं. कॉम्प्युटर म्हणायचाच तर अगदी तळाला, एका तांब्याच्या डबीत नखाएवढी चिप असते, तो. आणि काम चालू असताना यातलं काहीसुद्धा दिसत नाही. एकात एक बसणारे डबे खालून चढवून सगळं बंद करतो, आतली हवा काढून घेतो. बाहेरून दिसतं ते एक पांढरं पिंप. पिंपाचा फोटो कोण छापणार?

मी गेली चौदा वर्षं त्या पिंपाशेजारी काम करते. कुठे, ते ओळख करून देताना सांगून झालंय, पुन्हा सांगत नाही. क्वांटमच्या गूढावर बोलायला मी आलेले नाही, त्यावर तुम्हाला मोबाइलवर हवं तेवढं मिळेल, नको तेवढंही मिळेल. आम्ही दिवसभर नेमकं करतो काय, तेवढं सांगते. घरी आले की हाच प्रश्न येतो आणि माझं उत्तर अर्ध्यावर असताना चहा संपतो.

माझे वडील जॉबर होते. इथल्या लोकांना जॉबर म्हणजे काय हे सांगायला नको. बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगते, यंत्रमाग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. कारखान्यात चोवीस साधे माग एकदम चालायचे. आत शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, माणसं ओठांवर आणि हातवाऱ्यांवर बोलायची. मी डबा घेऊन जायचे ती दारातच कानात बोटं घालून उभी राहायचे. आणि बाबा त्या खडखडाटात उभे राहून सांगायचे, "सात नंबरचा धोटा नीट बसत नाहीये." सात नंबर थांबवून बघावं तर खरंच कुठेतरी काहीतरी ढिलं झालेलं असायचं. माझंही पोट आज त्याच कामावर चालतं. फरक इतकाच की आमचा गोंगाट कानाला ऐकू येत नाही, आणि तो कमी करायला हा एवढा फ्रीज लागतो.

गोंगाट म्हणजे काय, तर उष्णता. या सभागृहातली प्रत्येक वस्तू, हा माइक, ही वायर, आतून सतत थरथरत असते आणि त्या थरथरीतून लहरी बाहेर टाकत असते. आमच्या चिपवर जे छोटं सर्किट असतं, ज्याला क्यूबिट म्हणतात, ते सेकंदाला साधारण पाचशे कोटी हेलकावे घेतं. म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, तुमच्या घरच्या वायफायच्याच गल्लीतलं. त्याला खालच्या पायरीवरून उचलून वरच्या पायरीवर ठेवायला इतकी थोडी ऊर्जा लागते, की निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे ज्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही त्या शून्याच्या, वर जेमतेम पाव अंश तापमान असलं तरी नुसती उष्णताच त्याला उचलून ठेवते. तुम्ही शून्य लिहायला जावं आणि पाटीवर आधीच कुणीतरी एक लिहून गेलेलं असावं, तसं. म्हणून आम्ही १० मिलिकेल्विनपर्यंत खाली जातो, म्हणजे त्या शून्याच्या वर एका अंशाचा शंभरावा भाग. ताऱ्यांच्या मधली रिकामी पोकळीसुद्धा २.७ केल्विनवर असते. आमचं पिंप आतून तिच्याहून अडीचशे पट थंड.

इतकं थंड कसं होतं, हे मला फार आवडतं, त्यामुळे इथे जरा रेंगाळते. माठ डोळ्यांसमोर आणा. माठातलं पाणी पाझरतं, बाहेरच्या अंगाला येऊन वाफ होऊन उडतं, आणि उडताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. वारा असेल तर अजून गार, पावसाळ्यात दमट हवेत माठ रुसतो. आमच्या फ्रीजमध्ये पाण्याच्या जागी हीलियम आहे, तेही दोन प्रकारचं: एक जड, हीलियम-४, आणि एक हलकं, हीलियम-३. दोन्हींचं मिश्रण ०.८७ केल्विनच्या खाली नेलं की ते आपण होऊन वेगळं होतं, तेल आणि पाणी व्हावं तसं. वर जवळजवळ शुद्ध हीलियम-३ तरंगतं, खाली हीलियम-४. पण खालच्या थरात सुमारे साडेसहा टक्के हीलियम-३ विरघळलेलं राहतंच, कितीही थंड करा, ते हटत नाही. आता पंपानं या खालच्या थरातलं हीलियम-३ ओढून घेत राहायचं. तिथे कमी पडलं की वरच्या थरातलं हीलियम-३ ती सीमा ओलांडून खाली उतरतं, आणि उतरताना उष्णता शोषून घेतं. माठातलं पाणी हवेत उडतं, इथे एक द्रव दुसऱ्या द्रवात 'उडतो'. ओढलेला वायू पुन्हा फिरवून आत सोडायचा, म्हणजे माठ कधी रिकामाच होत नाही. १९५१ साली हाइन्झ लंडन यांना ही युक्ती सुचली, पहिलं यंत्र नेदरलँड्समध्ये लायडनला साठच्या दशकात उभं राहिलं. त्याच लायडनमध्ये १९०८ साली हीलियम पहिल्यांदा द्रवरूप झालं होतं आणि १९११ साली अतिवाहकता, म्हणजे थंडीत काही धातूंमधून वीज विनारोध वाहणं, सापडली होती.

हे हीलियम-३ निसर्गात नावालाच मिळतं. जगातलं बहुतेक सगळं ट्रिटियम या जड हायड्रोजनच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून येतं, आणि ट्रिटियम साठवलेलं असतं ते अण्वस्त्रांसाठी. म्हणजे आमची शांतता बॉम्बच्या कोठारातून येते. त्या वायूचं एक लिटर गळून गेलं तर काय होतं, हे मी इथे सांगणार नाही, कारण आमच्या हिशेब विभागातलं कुणी प्रेक्षकांत असू शकतं.

आता फ्रीज थंड झाला म्हणजे चिप थंड झाली, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. थर्मामीटर १० मिलिकेल्विन दाखवतो. पण क्यूबिटलाच विचारलं, म्हणजे काहीही न करता तो शंभरात किती वेळा वरच्या पायरीवर सापडतो हे मोजलं, तर उत्तर येतं एखाद वेळा. हिशेब केला तर ते तापमान भरतं पन्नास मिलिकेल्विनच्या आसपास. दोघंही खरंच बोलतायत. थर्मामीटर तांब्याच्या पाटाला चिकटलेला आहे, क्यूबिट वायरला जोडलेला आहे, आणि वायरचं दुसरं टोक बाहेर आपल्या खोलीत आहे. खोलीच्या तापमानाला त्या वायरीतून ५ गिगाहर्ट्झच्या आसपास जो गोंगाट आत येतो, तो क्यूबिटच्या हिशेबात बाराशे-साडेबाराशे फोटॉनांएवढा, फोटॉन म्हणजे लहरीचा एक सुटा कण. क्यूबिटला एक फोटॉन पुरतो.

मग आम्ही काय करतो? वायर कापू शकत नाही, क्यूबिटशी बोलायची ती एकच वाट आहे. म्हणून वाटेवर टप्प्याटप्प्यानं ॲटेन्युएटर बसवतो, करंगळीच्या पेरापेक्षा लहान, पितळी दिसणारे. प्रत्येक जण आलेल्या संदेशातला शंभरावा भाग पुढे सोडतो आणि बाकीचा तिथेच उष्णतेत जिरवतो. असे तीन: एक चार केल्विनच्या पाटावर, एक मध्ये, एक तळाला. बाहेरून आरोळी ठोकायची, तळाला पोचतो तो दहा लाखावा भाग, कानगोष्ट. पण आरोळीसोबत बाहेरचा खडखडाटही तेवढाच दबला जातो. हे गणित कागदावर एका संध्याकाळचं आहे. प्रत्यक्षात एका वायरीवर पंधरा-वीस जोड असतात, प्रत्येक जोड टॉर्क रेंचनं ठरावीक जोरानंच आवळायचा. एक जोड हातानं आवळून "झालं" म्हटलं, की खोलीच्या तापमानाला सगळं ठीक दिसतं. थंड झाल्यावर धातू आकसतात, तो जोड ढिला पडतो, आणि हे तुम्हाला कळतं पिंप बंद करून, दोन दिवस थंड करून, मोजायला बसल्यावर. उघडायला परत दोन दिवस गरम करायचं. अशा एका जोडानं माझे तीन आठवडे खाल्ले. तो मीच आवळला होता.

क्यूबिट म्हणजे काय, हे न सांगता कसं चालेल. तुम्ही ऐकलेलं असतं की तो "एकाच वेळी शून्य आणि एक" असतो, म्हणून क्वांटम कॉम्प्युटर "सगळी उत्तरं एकदम तपासतो". या वाक्यानं आमच्या विषयाचं जेवढं भलं केलं त्याहून जास्त वाटोळं केलं. सगळी उत्तरं एकदम तपासून उपयोग काय, मोजायला गेलं की मिळणार एकच, तेही कुठलंतरी. त्यापेक्षा दिवाणजीची वही आठवा. प्रत्येक उत्तराचं एक खातं. त्या उत्तरापर्यंत पोचायच्या अनेक वाटा असतात आणि प्रत्येक वाट खात्यात एक नोंद करते. नेहमीच्या शक्यतांच्या जगात सगळ्या नोंदी जमेच्याच असतात. क्वांटममध्ये काही जमा, काही नावे. चुकीच्या उत्तरांच्या खात्यात जमा आणि नावे फिटून शिल्लक शून्य राहावी, बरोबर उत्तराच्या खात्यात शिल्लक उरावी, अशा वाटा आखणं म्हणजे क्वांटम अल्गोरिदम. हे सगळ्या प्रश्नांना जमत नाही, मोजक्याच प्रश्नांना जमतं. पीटर शोर यांनी १९९४ साली मोठ्या संख्येचे अवयव पाडण्यासाठी ते जमवून दाखवलं, बँकांची आणि इंटरनेटवरची बरीच कुलपं याच कामाच्या अवघडपणावर उभी आहेत, आणि जगभरच्या कुलूपकिल्लीवाल्यांची झोप उडाली. बँकेचं काय, असा प्रश्न शेवटी येणारच आहे, तेव्हा बोलू.

आणि या नोंदी अभंग राहिल्या तरच फिटतात. मध्येच एखाद्या फोटॉननं धक्का दिला की जमेचं नावे होतं, हिशेब गेला. म्हणून एवढा शांततेचा अट्टहास.

चिप कशी करतात, ते थोडक्यात सांगते, पण एक गोष्ट मात्र सावकाश. क्यूबिटच्या पोटात एक जोड असतो: ॲल्युमिनियम, त्यावर एक-दोन नॅनोमीटरचा ऑक्साइडचा पापुद्रा, त्यावर पुन्हा ॲल्युमिनियम. ब्रायन जोसेफसन केंब्रिजमध्ये विद्यार्थी होते, वय २२, तेव्हा १९६२ साली त्यांनी हिशेबानं दाखवलं की अतिवाहकातल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या असल्या पापुद्र्यातून विनाअडथळा पलीकडे जातील. हा जोड करताना आम्ही निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ तिरकी सोडतो, थोडा ऑक्सिजन आत घेतो, मोजून तेवढीच मिनिटं थांबतो, मग दुसऱ्या बाजूनं तिरकी वाफ. दोन सावल्या जिथे एकमेकींवर पडतात तिथे जोड, लांबीरुंदी केसाच्या जाडीच्या शेकडाव्या भागाएवढी.

आता ही चिप फ्रीजमध्ये घालून दोन दिवसांनी बिघडलेली निघाली तर? म्हणून आधी बाहेरच, खोलीच्या तापमानाला, दोन सुया टेकवून जोडाचा रोध मोजतो. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून, कारण तुमच्या स्वेटरमधली स्थिर वीज त्याला उडवायला पुरते. रोध आला सात-आठ किलोओहम, की पट्कन सांगता येतं की थंड झाल्यावर हा क्यूबिट कुठल्या वारंवारतेवर बोलेल. जोडाचा गरम असतानाचा रोध आणि थंडीतला अतिवाहक प्रवाह यांचं नातं सांगणारं सूत्र १९६३ सालचं आहे, विनय आंबेगावकर आणि अ‍ॅलेक्सिस बाराटॉफ यांचं. परदेशी पुस्तकात, इंग्रजी समीकरणांच्या मधोमध, मी पहिल्यांदा ते आडनाव वाचलं तेव्हा पान उलटायचं सोडून थोडा वेळ नुसती बघत बसले होते. आमच्या प्रयोगशाळेत जगभरच्यासारखंच त्याला नुसतं "ए-बी" म्हणतात. मी विद्यार्थ्यांना पूर्ण नाव उच्चारायला लावते.

आता तो आकडा. हसू नका, आकडा म्हटलं की इकडे लोकांना ओपन-क्लोज आठवतं, तो नव्हे. क्यूबिटला वरच्या पायरीवर ठेवला की किती वेळ तिथे टिकतो, ते त्याचं आयुष्य. १९९९ साली जपानमध्ये त्सुकुबाच्या प्रयोगशाळेत नाकामुरा, पाश्किन आणि त्साय यांनी असल्या सर्किटमध्ये क्वांटम हेलकावे पहिल्यांदा दाखवले, तेव्हा सगळा खेळ काही नॅनोसेकंदांत आटपायचा. मग २००७ साली येल विद्यापीठातून ट्रान्समॉन नावाचा नमुना आला, तोच आज बहुतेक जण वापरतात, आणि आता चांगल्या प्रयोगशाळा शेकडो मायक्रोसेकंद गाठतात. क्यूबिटवर एक साधी क्रिया करायला तीसेक नॅनोसेकंद लागतात. म्हणजे आयुष्य ६० मायक्रोसेकंद असेल तर दोन हजार क्रिया, त्यानंतर तो तुमचा नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या चिपवर चार क्यूबिट होते. तीन नंबरचा सगळ्यांत गुणी. एका सोमवारी त्याचं आयुष्य भरलं ८० मायक्रोसेकंद, आमच्याकडे तोवर कधी न आलेलं. माझ्या विद्यार्थ्यानं कॅन्टीनमधून पेढे आणले. बुधवारी सकाळी ११.

आधी वाटलं मोजण्यात चूक आहे. सिग्नल जनरेटर बदलला. बाहेरचे सगळे जोड सोडून पुन्हा टॉर्क रेंचनं आवळले. कॉम्प्रेसरचा ठोका, तो सेकंदाला दीडेक वेळा पडतो, मोजणीत उमटतोय का ते बघितलं, नव्हता. खोलीतले दिवे मालवून मोजलं. मोबाइल बाहेर ठेवायला लावले, त्यावरून दोन दिवस अबोला. शेजारच्या खोलीत कुणी नवीन मोटर लावलीय का, म्हणून मी स्वतः जाऊन विचारून आले. एक, दोन आणि चार नंबर आपले ठणठणीत, म्हणजे फ्रीज बरा आहे, वायरी बऱ्या आहेत, तीनलाच काय झालंय? चोवीस मागांमधला सात नंबर. शुक्रवारी रात्री आम्ही काहीही न करता तो पुन्हा ७२वर आला. आणि मग मला जास्त भीती वाटली. आपण दुरुस्त केलेलं बरं असतं. आपोआप बरं झालेलं आपोआप बिघडतं.

कारण शेवटी जे सापडलं ते सगळ्या जगाला छळणारं आहे. त्या ऑक्साइडच्या पापुद्र्यात, धातूच्या पृष्ठभागावर, कुठे एखादा अणू दोन जागांच्या मध्ये डुलत असतो. त्याच्या डुलण्याची लय क्यूबिटच्या लयीशी जुळली की तो क्यूबिटची ऊर्जा गिळतो. आणि ही लय दिवसागणिक, तासागणिक सरकत राहते. आम्ही क्यूबिटची वारंवारता चुंबकीय क्षेत्रानं थोडी हलवून पाहिलं, तसा तो चोर एका ठरावीक जागी पकडला गेला. त्या जागेपासून लांब गेलं की आयुष्य छान, जवळ आलं की धाडकन खाली. दुसऱ्या दिवशी चोर दुसरीकडे.

आता शोधनिबंध लिहायचा होता. विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, सोमवारचाच आकडा टाकूया ना. खोटा थोडाच आहे? आपण मोजलाय." खरं होतं त्याचं. "आमच्या क्यूबिटचं आयुष्य ८० मायक्रोसेकंदांपर्यंत पोचलं" या वाक्यात एक अक्षर खोटं नाही. त्या "पर्यंत" या शब्दानं आमच्या क्षेत्रात फार मोठाले संसार चालवलेत. तुम्ही दुकानावर पाटी वाचता ना, "५० टक्क्यांपर्यंत सूट"? तोच "पर्यंत".

मी त्याला म्हटलं, साठ तास मोज. सलग, दर काही मिनिटांनी, सगळे चारही. तो कुरकुरला, पण त्यानं मोजलं. आलेख आला तो इचलकरंजीतल्या विजेच्या दाबासारखा, वर-खाली वर-खाली. मधला आकडा ४६. निबंधात तोच गेला, सोबत अख्खा आलेख, त्यातला सोमवारसारखा एक डोंगर आणि बुधवारसारखी एक दरीसुद्धा. परीक्षकांपैकी एकानं लिहिलं, इतर गटांच्या मानानं हा आकडा फारसा उल्लेखनीय नाही. पुढे त्या मुलाला नोकरीच्या एका मुलाखतीतही हेच ऐकवलं गेलं. ती नोकरी त्याला मिळाली नाही, हेही सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी बोधकथा सांगतेय. दुसरीकडे मिळाली.

मला स्वतःला त्या चार दिवसांनी जे शिकवलं, ते मी दहा वर्षांच्या पुस्तकांतून शिकले नव्हते. संशोधक म्हणून माझा बहुतेक वेळ स्वतःच्या मोजणीवर संशय घेण्यात जातो. नवं काही सापडल्याचा आनंद वर्षातून एखादा दिवस, आणि त्या दिवशीही पहिला विचार येतो: कुठला जोड ढिला आहे?

हीच नजर घेऊन बातम्या वाचा, एवढीच माझी विनंती. २०१९ साली गूगलनं ५३ क्यूबिटच्या यंत्रावर २०० सेकंदांत असं काम केलं की महासंगणकाला दहा हजार वर्षं लागतील, असं म्हटलं. आयबीएमनं उत्तर दिलं की नीट केलं तर अडीच दिवस पुरतील. दोघांचीही आकडेमोड वाचण्यासारखी होती. पण ते काम यंत्राची परीक्षा घेण्यासाठीच बेतलेलं होतं, कुणाच्या घरची अडचण त्यानं सुटणार नव्हती. डिसेंबर २०२४ मधली गूगलच्याच विलो चिपची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. १०५ क्यूबिट. चुका सुधारण्यासाठी अनेक क्यूबिटांच्या जाळीत एकच माहिती पसरून ठेवायची, ही कल्पना जुनी आहे. अडचण अशी की जाळी मोठी केली की चुकणारे क्यूबिटही वाढतात. तिथे पहिल्यांदा स्वच्छ दिसलं की तीन बाय तीनची जाळी पाच बाय पाच केली, मग सात बाय सात केली, तर प्रत्येक वेळी चूक निम्म्याहून कमी झाली. मी ती बातमी वाचून फोन ठेवला आणि बराच वेळ फिरून आले.

आणि २०२५चं भौतिकशास्त्राचं नोबेल, जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांचं, ते तर आमच्याच अंगणातलं. १९८४-८५ साली बर्कलीत त्यांनी दाखवलं की हातात धरता येईल एवढं विजेचं सर्किटही क्वांटमचे नियम पाळतं, त्यातही ऊर्जेच्या पायऱ्या असतात. चाळीस वर्षांपूर्वी तिघं गोंगाट गाळत बसले होते, त्यावर आज आमचा पगार चालतो.

आपल्याकडे? केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, २०३०-३१ पर्यंत ६००३ कोटी रुपयांचं. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पुण्यातली डीआरडीओची तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा आणि टीसीएस यांच्यासोबत, सहा क्यूबिटचा प्रोसेसर ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्ण चालवून दाखवला गेला. सहा ऐकून काही जणांचा चेहरा पडला, दिसलं मला. शंभर क्यूबिटची चिप विकत आणून फ्रीजमध्ये टांगली तर फोटो छान येईल. सहा स्वतः करून, त्यांच्याशी बोलणारी इलेक्ट्रॉनिक्स स्वतः जुळवून, ते एकमेकांशी बोलतायत हे दाखवणं याला वेगळी किंमत आहे, आणि ती किंमत मला ठाऊक आहे.

बँकेचा प्रश्न उरकते. आजची कुलपं तोडायला किती क्यूबिट लागतील, याचा २०१९चा एक नामांकित हिशेब होता दोन कोटी क्यूबिट आणि आठ तास. त्याच हिशेबाच्या लेखकांपैकी क्रेग गिडनी यांनी २०२५ मध्ये तो दहा लाखांच्या आत आणि आठवड्याभराच्या आत आणला. अतिवाहक चिपा आज शेकड्यांत, फार तर हजाराच्या घरात आहेत. म्हणजे उद्या सकाळी काही होत नाही. पण गरज इतकी खाली सरकली, ती एकही नवीन यंत्र न बनता, नुसत्या डोक्यानं, हे लक्षात ठेवा. आणि नवी कुलपं तयार आहेत. अमेरिकेच्या मानक संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये पहिली तीन जाहीर केली. ती बसवायचं काम बँकांचं, माझं नाही.

विद्यार्थी बरेच आलेत, म्हणून दोन शब्द. या कामाला फक्त भौतिकशास्त्र लागतं असं नाही. आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक्सवाले आहेत, प्रोग्रामिंगवाले आहेत. तांब्याची ती डबी आमच्या वर्कशॉपमधले आयटीआय झालेले एक गृहस्थ कातून देतात, आणि डबीचं झाकण बसताना जो आवाज येतो त्यावरून ते सांगतात, "मॅडम, हे परत आणा." पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात. कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, म्हणजे कागदावर आहे. माझ्या वेळी ती एकदा सात महिने थकली होती. खोलीभाडं द्यायला मी बाबांकडून पैसे घेतले, आणि त्यांनी ते कुणाकडून घेतले हे मला बऱ्याच उशिरा कळलं. परदेशातून मागवलेला एक साधा जोड कस्टममध्ये तीन-तीन महिने बसतो. हे सगळं माहीत असूनही यावंसं वाटत असेल तर या. घरच्यांना आधी सांगून ठेवा की पोरगं रात्री-बेरात्री फोन बघेल. ते प्रेमप्रकरण नसतं, फ्रीजचा अलार्म असतो.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नांपैकी एक, मागच्या रांगेतून: "ताई, मी चाळीस वर्षं वायरिंगची कामं केली. बाकीचं डोक्यावरून गेलं. एवढंच सांगा, या सगळ्याचं अर्थिंग कसं करता?")

काका, हा प्रश्न मला आजवर एकाही व्याख्यानात कुणी विचारला नव्हता, आणि आमची निम्मी भांडणं याच्यावरून होतात. फ्रीज एका ठिकाणी अर्थ केलेला, मोजणीचं कपाट दुसऱ्या ठिकाणी, पंप तिसऱ्या. मग वायरींच्या बाहेरच्या जाळीतून फेरा तयार होतो आणि त्यात लाईटचे पन्नास हर्ट्झ फिरत राहतात. बरोबर, तुम्ही मान हलवताय. म्हणून आम्ही सगळ्याचं अर्थ एकाच तांब्याच्या पट्टीवर आणतो, पंपाच्या नळीत मध्ये प्लास्टिकचा तुकडा घालून तो धातूनं तोडतो, आणि कपाटातून फ्रीजकडे जाणाऱ्या प्रत्येक वायरीवर असा एक अडसर बसवतो, की जो आतली तारही तोडतो आणि बाहेरची जाळीही, पण वरच्या वारंवारतेला जाऊ देतो. तरीही एक पन्नास हर्ट्झ उरतोच. आमच्याकडे आत्ता आहे, दोन महिने झाले, सापडत नाहीये. तुम्ही पुढे या, कुणाकडे कागद असेल तर द्या, मी पट्टी कुठून कुठे गेलीय ते काढून दाखवते.